‘आणि’ की ‘सह’? सुपरहिरो कॉमिक्समधल्या श्रेयाचा प्रश्न

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस सत्तरी उलटल्यावर सुपरहिरोंवर काय बोलणार? त्याचं उत्तर साधं आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा, १९६४ साली, मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि आमच्या हाती वेताळ आला. पुढे कांट आला, न्यायदर्शन आलं, पण वेताळ काही सुटला नाही. मात्र एक गोष्ट आज कबूल करायला हवी. वेताळाचं चित्र कोण काढतं, हा प्रश्न आम्हाला कित्येक वर्षं पडलाच नाही. वेताळ जंगलात होता, एवढं पुरे होतं. कुणीतरी बसून तो पानोपान काढत असेल आणि त्या कुणाला नाव असेल, हे वाचकाच्या डोक्यात येत नाही. आजचं बोलणं त्या न पडलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

सुरुवात शब्दापासून करू. आपण मराठीत ‘श्रेय’ म्हणतो. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो. तिथे श्रेय म्हणजे माणसाचं खरं हित आणि प्रेय म्हणजे जे गोड लागतं ते. आपल्या आजच्या मराठीत तोच शब्द ‘हे काम कुणी केलं’ याची नोंद म्हणून येतो, आणि वर्तमानपत्रात तर ‘श्रेयवादाची लढाई’ म्हणूनच येतो. म्हणजे जे श्रेय होतं त्याचं आपण प्रेय करून टाकलं. हा बदल मनात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता अमेरिकेत जाऊ, कारण हा सगळा खटला तिथला आहे.

१९३८ साली जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार, दोघेही विशीतले, यांनी ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आणला. तेरा पानांची कथा, पानाला दहा डॉलर, एकूण १३० डॉलर. त्या व्यवहारात सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले. पुढे दोघे कोर्टात गेले आणि मग सुपरमॅनच्या कथांवरून त्यांची नावंही गेली. १९७५ साली, सुपरमॅनचा भव्य चित्रपट येऊ घातला असताना, म्हातारपणी हलाखीत दिवस काढणाऱ्या या दोघांनी आवाज उठवला. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा कुठे दोघांना वर्षाला २०,००० डॉलरची पेन्शन मिळाली आणि नावं परत आली. लक्षात घ्या, हक्क परत आले नाहीत, नावं आली. आणि त्या नावांसाठीही लोकलज्जेचा रेटा लागला.

ही कथा आपल्याला सोपी वाटते, कारण तिच्यात एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला कलावंत आहेत. कुणाची बाजू घ्यायची याबद्दल शंका राहत नाही. अवघड कथा वेगळ्या असतात. त्यांत कलावंतच कलावंताचं नाव गिळतो.

बॅटमॅनचं उदाहरण घ्या. १९३९ साली चित्रकार बॉब केन याने एक रेखाटन केलं. लाल रंगाचे घट्ट कपडे, डोळ्यांवर छोटासा मुखवटा, पाठीला वटवाघळाचे ताठ पंख. ते घेऊन तो बिल फिंगर या लेखकमित्राकडे गेला. फिंगरने सुचवलं की पंख काढ, त्याजागी अंगरखा घाल. तोंडावर कान असलेला टोप घाल, डोळ्यांत बुबुळं दाखवू नकोस, रंग करडा-काळा कर. ब्रूस वेन हे नाव फिंगरचं, गॉथम हे शहराचं नाव फिंगरचं, पहिली कथाही फिंगरचीच. पण प्रकाशकाशी करार केला केनने, एकट्याने. म्हणून पुढची कित्येक दशकं कुणीही लिहो, कुणीही काढो, पानावर नाव एकच राहिलं: बॉब केन. १९६५ साली फिंगरचा वाटा उघडपणे सांगणारा एक लेख चाहत्यांमध्ये फिरला, तेव्हा केनने जाहीर पत्र लिहून तो झिडकारला. फिंगर १९७४ साली वारला. निर्माता म्हणून त्याचं नाव तोवर कुठेही लागलेलं नव्हतं. १९८९ साली केनने आत्मचरित्रात कबूल केलं की फिंगरला त्याचं श्रेय मिळालं नाही. तेव्हा ऐकायला फिंगर नव्हता.

फिंगरचं नाव बॅटमॅनच्या श्रेयात शेवटी आलं २०१५ साली. त्याची नात आणि मार्क टायलर नोबलमन नावाचा एक चिवट चरित्रकार यांच्या खटपटीनंतर आलं. आणि कसं आलं ते बघा: ‘बॅटमॅनचे निर्माते बॉब केन, बिल फिंगर यांच्यासह.’ सुपरमॅनच्या बाबतीत ‘सीगल आणि शुस्टर’ असं आहे. इथे ‘आणि’ नाही, ‘सह’ आहे. लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब या’ असं आपण छापतो, तेव्हा आमंत्रण कुणाला असतं आणि बरोबर कोण येतं हे सगळ्यांना कळतं. ‘सह’ या दोन अक्षरांत तेवढं अंतर आहे. ज्याने नायकाला नाव, गाव, वेश आणि पहिली गोष्ट दिली, तो पंचाहत्तर वर्षांनी आला तोही सोबतीला आलेला पाहुणा म्हणून.

इथपर्यंत प्रश्न प्रामाणिकपणाचा होता. आता तो विचाराचा होतो.

१९६१ ते १९७० या काळात मार्व्हल कंपनीत फँटॅस्टिक फोर, हल्क, स्पायडरमॅन, थॉर, एक्स-मेन अशी नायकांची रांगच्या रांग आली. स्टॅन ली तिथे संपादक होता आणि बहुतेक मालिकांचा लेखकही तोच. एक माणूस इतक्या मालिकांच्या संहिता लिहिणार कशा? त्यातून एक पद्धत निघाली, तिला पुढे ‘मार्व्हल पद्धत’ हे नाव पडलं. ली चित्रकाराला थोडक्यात कथाबीज सांगायचा, कधी कागदावर, कधी नुसतं बोलून. चित्रकार त्यावरून वीस-बावीस पानं काढायचा. कुठला प्रसंग किती चौकटींत, कुठे थांबायचं, कुठे धावायचं, कोण कुणाकडे बघतंय, हे सगळं तो ठरवायचा. मग पानं लीकडे परत यायची आणि तो फुग्यांमधले संवाद लिहायचा. श्रेयाच्या चौकटीत छापलं जायचं: लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी.

आता कथा रचणं म्हणजे लिहिणं की नाही? नाटकवाल्यांना विचारा. प्रवेशांचा क्रम कुणी लावला, पात्र केव्हा आत आलं, पडदा कुठे पडला, हे ज्याने ठरवलं त्याला आपण नुसता नेपथ्यकार म्हणू का? शिवाय ‘लेखक’ या शब्दामागे पैसे होते. चित्रकाराला चित्राच्या पानाचे पैसे मिळत, कथानक रचल्याचे वेगळे मिळत नसत. लेखनाचं मानधन लीचं. वॉली वुड या चित्रकाराने ‘डेअरडेव्हिल’ काढताना हाच मुद्दा धरला आणि तो फार काळ तिथे टिकला नाही.

१९६६ साली फँटॅस्टिक फोरच्या ४८व्या अंकाची पानं कर्बीकडून आली तेव्हा लीला त्यात एक अनोळखी आकृती दिसली. आकाशातून फळीवर उभी राहून तरंगत येणारा एक चंदेरी माणूस. ग्रह गिळणाऱ्या महाकाय गॅलॅक्टसला एखादा दूत हवा, असं कर्बीला काढता काढता वाटलं, म्हणून त्याने तो काढला. हा सिल्व्हर सर्फर. त्याची कल्पना आपली नव्हती हे लीने स्वतः अनेकदा सांगितलं, मोकळेपणाने सांगितलं. पण १९६८ साली त्या पात्राची स्वतंत्र मालिका निघाली ती लीने लिहिली आणि जॉन ब्युसेमाने काढली. कर्बीच्या मनात तो कधीही माणूस नसलेला, विश्वशक्तीतून घडलेला जीव होता. मालिकेत तो झाला नॉरिन रॅड, प्रेयसीला मागे सोडून आलेला एक विरही. ती मालिका वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही, ब्युसेमाची चित्रं देखणी आहेत. पण आपल्या कोऱ्या कागदावर उगवलेल्या जिवाचं बालपण दुसऱ्या कुणी ठरवावं, यातली बोच समजून घ्या. कर्बी १९७० साली मार्व्हल सोडून गेला.

आता स्टीव्ह डिटकोकडे या. ‘ॲमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात, १९६२ साली स्पायडरमॅन आला. चित्रं डिटकोची. १९६५ पासून त्याला कथानकाचं श्रेयही छापून मिळू लागलं आणि १९६६ साली तो सोडून गेला. १९९९ साली लीने एक खुलं पत्र काढलं. त्याचा आशय असा होता, की डिटकोला आपण स्पायडरमॅनचा सहनिर्माता नेहमीच मानत आलो आहोत. यावर डिटकोने हरकत घेतली ती एका क्रियापदाला. ‘मानतो’ म्हणजे ‘आहे’ असं नव्हे. पुढे २००७ साली बीबीसीच्या एका माहितीपटात लीने आपली भूमिका स्पष्टच केली: ज्याला कल्पना सुचली तो निर्माता, आणि मग चित्र काढायला ती कुणालाही देता येते.

आमच्या दृष्टीने आजच्या विषयाचं मर्म या वाक्यात आहे. आयुष्यभर प्रत्यय आणि वस्तू यांचा झगडा शिकवलेल्या माणसाने ते सहज जाऊ देता कामा नये. लीचं म्हणणं खरं की खोटं, हे तपासायला इतिहासानेच एक प्रयोग करून ठेवला आहे. स्पायडरमॅनचं काम ली आधी डिटकोला देत नव्हता, त्याने ते कर्बीला दिलं होतं. कर्बीने काही पानं काढलीही. लीला तो नायक फार रुबाबदार, फार धट्टाकट्टा वाटला, म्हणून ती पानं बाजूला ठेवून काम डिटकोकडे गेलं. कल्पना तीच होती, कोळ्याच्या शक्ती असलेला मुलगा. हात दोन होते. आणि दोन हातांतून दोन वेगळे जीव निघाले. डिटकोचा स्पायडरमॅन किडकिडीत, वाकडातिकडा, चेहरा पूर्ण झाकलेला. झाकलेला असल्यामुळेच त्यामागे कुणीही असू शकतो, वाचणारा मुलगासुद्धा. म्हणजे कल्पना ‘कुणालाही’ देता येते, पण दिल्यावर ती तीच राहत नाही.

पण थांबा. हाच प्रयोग उलटाही वाचता येतो. कर्बीची पानं नाकारली कुणी? लीने. ‘हा नव्हे, दुसरा’ असं म्हणणं हेही काम आहे. ती नजर नसती तर डिटकोचा स्पायडरमॅन जन्मालाच आला नसता. इथे आपण संपादकापर्यंत पोचलो. आणि लीच्या बाजूने आणखी दोन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. शाई भरणारे, अक्षरं काढणारे यांची नावं नियमाने छापायची रीत मार्व्हलमध्ये त्यानेच रुजवली. आणि त्याच्या संवादांतला खेळकरपणा, वाचकाच्या खांद्यावर हात टाकून बोलणं, हे कर्बीला एकट्याला साधलं नाही. कर्बीने पुढे डीसीत स्वतः लिहून काढलेल्या मालिका वाचा. कल्पनेची झेप थक्क करते, पण संवाद दगडासारखे पडतात. उलट कर्बी आणि डिटको गेल्यावर लीच्या हातून त्या तोडीचे नायक फारसे निघाले नाहीत. आमचं टीकाकार म्हणून मत असं आहे की जे काही घडलं ते दोघांच्या मधल्या जागेत घडलं. दोघांनाही ते पुढे मान्य झालं नाही. १९९० साली छापलेल्या एका मुलाखतीत कर्बीनेही लीचा वाटा जवळजवळ शून्यावर आणून ठेवला. दुखावलेला माणूसही हिशेबात चुकतो.

मग हिशेब करायचा कसा? आमच्या जुन्या मित्रांची, नैयायिकांची मदत घेऊ. कार्याला कारण कोण, हे ठरवताना ते घटाचं उदाहरण घेतात. माती, कुंभार, चाक, दंड ही कारणं. पण मडकं घडण्याआधी तिथे आणखीही बरंच काही असतं. माती वाहून आणणारं गाढव असतं. कुंभाराचा बापही असतो, त्याच्याशिवाय कुंभार आला नसता. दंडाचा रंग असतो. यांना नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात: आधी होते खरे, पण कारण नव्हेत. आम्हाला वाटतं श्रेयाच्या प्रत्येक वादात हा प्रश्न विचारावा. हा माणूस कुंभार आहे, की कुंभाराचा बाप?

भांडवल घालणारा प्रकाशक आमच्या मते बाप आहे. गंमत अशी की अमेरिकन कायदा नेमका उलट चालतो. नेमून करून घेतलेल्या कामाचा ‘लेखक’ कायद्याने कंपनीच असते. हात नसलेला लेखक! कर्बीच्या वारसांनी २००९ मध्ये हक्कांसाठी नोटिसा दिल्या, २०११ आणि २०१३ मध्ये न्यायालयांनी याच आधारावर त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना, २०१४ साली, समझोता झाला. त्यानंतर कर्बीचं नाव निर्माता म्हणून ठळक दिसू लागलं.

संपादकाचं काय? हे प्रकरण ताजं आहे. वुल्व्हरिन हा नायक १९७४ साली हल्कच्या मासिकात आला. मुख्य संपादक रॉय थॉमसने लेखक लेन वीनला सांगितलं की एक कॅनडाचा नायक हवा, नाव वुल्व्हरिन. वीनने कथा लिहिली, जॉन रोमिताने वेश आखला, हर्ब ट्रिम्पीने पानं काढली. २०२४ साली आलेल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वुल्व्हरिनचा सहनिर्माता म्हणून थॉमसचं नाव जोडलं गेलं आणि मोठा गदारोळ झाला. वीनच्या पत्नीनेही जाहीर विरोध केला.

आमची कसोटी लावून बघू. थॉमस अन्यथासिद्ध आहे का? नाही म्हणावं लागेल. नाव आणि देश या गोष्टी पानावर दिसतात. पण मग यादी तिथे थांबत नाही. वीनच्या मनात नख्या हातमोज्यांच्या होत्या. त्या शरीराचाच भाग आहेत हे १९७६ साली एक्स-मेनच्या ९८व्या अंकात ठरलं आणि त्याच अंकात मुखवट्याखालचा चेहरा डेव्ह कॉक्रमने पहिल्यांदा दाखवला. त्याचा स्वभाव, त्याची वेदना घडवली ख्रिस क्लेअरमाँटने, वर्षानुवर्षं लिहून. आज जग ज्याला ओळखतं तो वुल्व्हरिन हाच. चार शब्दांची सूचना देणारा आत येत असेल, तर चेहरा देणारा बाहेर का?

आणि आमची खरी हरकत वेगळीच आहे. ट्रिम्पी २०१५ मध्ये गेला, वीन २०१७ मध्ये, रोमिता २०२३ मध्ये. नाव जोडलं गेलं २०२४ मध्ये. थॉमस खोटं बोलतो असं आम्ही म्हणत नाही, सूचना त्याची होती हे जाणकार मानतात. पण शब्द हे प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे त्याला माहीत असेल आणि त्याचा स्वार्थ आड येत नसेल तेव्हा. जो सर्वांत जास्त जगला त्याची साक्ष शेवटची, एवढ्याने ती पूर्ण होत नाही. केनच्या वेळीही हेच झालं, फक्त दिशा उलटी होती. जगलेल्याने कबुली दिली, पण मेलेल्याला ती कळली नाही.

म्हणूनच कागद महत्त्वाचा. कर्बी आपल्या पानांच्या समासात पेन्सिलीने टिपणं लिहायचा: इथे काय घडतंय, हा काय म्हणतोय. ली त्यावरून संवाद रचायचा. छापताना समास कापला जायचा, पण मूळ पानांवर ती टिपणं राहिली. कथा कुणी सांगितली याचा तोच पुरावा. १९८०च्या दशकात मार्व्हलने मूळ पानं चित्रकारांना परत करायला घेतली, तेव्हा कर्बीपुढे मात्र इतरांपेक्षा कितीतरी लांब आणि जाचक करारनामा ठेवला. बराच झगडा होऊन १९८७ साली त्याला सुमारे २००० पानं मिळाली. त्याने काढली होती दहा हजारांहून जास्त. लोक म्हणतात झगडा किमतीचा होता. किमतीचा होताच. पण ती पानं म्हणजे त्याची साक्षही होती.

आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी एक वेगळी रीत दिसते. ज्ञानेश्वरी सांगितली ज्ञानदेवांनी, उतरून घेतली सच्चिदानंदबाबांनी, आणि ग्रंथाच्या शेवटी त्या लेखनिकाचं नाव आदराने नोंदलं गेलं. त्याला सहनिर्माता केलेलं नाही. त्याने जे केलं तेच, तेवढंच सांगितलं. आमच्या मते ‘निर्माता कोण’ या एका शब्दाच्या मागे लागण्यापेक्षा ही रीत बरी. नाव थॉमसचं, वेश रोमिताचा, कथा वीनची, पानं ट्रिम्पीची, चेहरा कॉक्रमचा. ओळ लांब होईल, होऊ द्या. पडद्यावर वाहनचालकांचीही नावं येतात, तिथे एवढी जागा निघेल.

हे इतरांना सांगताना आमच्याही घरात डोकावलं पाहिजे. आम्ही नोकरीत असताना एक लेखसंग्रह संपादित केला. त्यातले जवळजवळ निम्मे लेख विद्यार्थ्यांनी भाषांतरित केले होते, रात्री जागून. मुखपृष्ठावर नाव आमचं. त्यांची नावं ऋणनिर्देशात, एका वाक्यात, ‘यांच्या सहकार्याने’ म्हणून. इथेही ‘सह’ आहेच. तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. पुस्तकाची कल्पना आमची होती ना! स्टॅन लीचं ते वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्यावर रागावण्याआधी आम्हाला ते पुस्तक आठवलं. त्याची दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे दुरुस्तीही राहून गेली. त्या मुलांपैकी कुणी हे ऐकत असेल तर त्यांनी एवढं ऐकावं की लेख त्यांचे होते.

श्रेय हा शब्द मुळात हिताचा होता असं सुरुवातीला म्हणालो. कुणाचं हित? आम्हाला वाटतं, आधी आपलं, वाचकांचं. डिटकोचं नाव माहीत नसताना स्पायडरमॅन वाचणारा त्या वाकड्या बोटांकडे बघत नाही. फिंगरचं नाव कळल्यावर बॅटमॅनच्या रिकाम्या पांढऱ्या डोळ्यांकडे आपण वेगळं बघतो, कारण कुणीतरी बुबुळं काढायचं थांबवलं होतं हे आपल्याला ठाऊक असतं. नाव कळलं की काम दिसतं.

वेळ संपत आली. घरी जुनी इंद्रजाल कुणी जपून ठेवली असतील तर आज काढा आणि पहिल्या पानावर कुणाची नावं आहेत, कुणाची नाहीत, ते बघा. आम्हीही बघणार आहोत. आता प्रश्न घेऊ.